दहा किलोच्या खाली

उद्यमबागेच्या मागच्या वळणावर आमचा काटा आहे, साठ टनी.
मी खिडकीत बसते.
गाडी आधी रिकामी चढते, मग भरून,
मी वजाबाकी करते.
पावतीवर नाव कन्नडात, आकडे इंग्रजीत,
भांडण ड्रायव्हर ज्या भाषेत काढेल त्या भाषेत.

अकरा वर्षं ब्रेकड्रम बघितले,
ताडपत्रीखाली घागरींसारखे पालथे,
प्रत्येकाच्या कडेला कंपनीचं चिन्ह, ओतलेलं,
बोट फिरवलं तर लागायचं.
कंपनी मी कधी पाहिली नाही.
तिच्या गाड्या मात्र रस्त्यात ओळखायचे.
ह्याच्या चाकात आमचं वजन आहे, असं पोराला सांगायचे,
तो म्हणायचा, आई, लोक बघतात.

कंपनी बुडाली हे पेपरात मंगळवारी आलं.
काट्याला तीन आठवडे आधीच कळलं होतं:
अठरा टन, अकरा, चार,
आणि मग एक गाडी पुण्याहून तशीच माघारी,
दोरीची गाठसुद्धा न सोडता.
दस्तगीर काचेशी वाकून म्हणाला,
"तिथल्या वॉचमनवर वॉचमन बसवलाय, ताई."

वाळूच्या गाड्या थांबल्या. कोकच्या थांबल्या.
भट्टी विझली त्या रात्री मला झोप येईना,
इतकी वर्षं तिच्या घरघरीवर झोपत आले होते.

भरमा कांग्राळकर ओली वाळू मुठीत दाबून
पाणी किती ते सांगायचा, मशीन नंतर तेच सांगायचं.
आता म्हापशाला हॉटेलात भांडी घासतो.
मोनाप्पा मिस्त्रीचे सागवानी पॅटर्न, बावीस वर्षांचे,
मिलिमीटरच्या हिशोबाने तासलेले,
बँकेच्या यादीत "जळाऊ लाकूड, जुने" असे लागले.
त्याने यादी दोनदा वाचली,
चष्मा पुसला, आणि "जुने" खाली रेघ मारली.

मजगावच्या चाळीतल्या ओडिया पोरांनी
आठ खोल्या एका रात्रीत सोडल्या.
मालकीण म्हणते, भाडं चुकतं करून गेले,
पण एक प्रेशर कुकर राहिलाय,
कुणाला फोन करू?

इरव्वाची खानावळ काट्यासमोरच.
दीडशे भाकऱ्यांच्या चाळीस झाल्या, मग मोजायचं सोडलं.
परवा गिरणीतून पिठाची पिशवी घेऊन आली,
गिरणीवाल्यावर तिचा संशय,
"अक्का, इदर तूक नोड."
मी म्हटलं, अगं, हा ट्रकचा काटा.
ऐकते कुठली. लोखंडी पाट्यावर मधोमध पिशवी ठेवली,
आणि पदर सावरून लांब उभी राहिली,
जणू तिचा श्वासही वजनात धरला जाईल.

आकडा शून्य.

तिला समजावलं, दहा किलोच्या खालचं याला कळत नाही.
तिने पिशवी उचलली, काखेत घेतली,
"मत्त इवतनका एन तूगिदि?" म्हणाली,
मग इतकी वर्षं काय तोललंस.
हसत म्हणाली. मी पण हसले.

दुपारी गाड्या नसतात.
मालक म्हणतो, पुढल्या महिन्यापासून अर्धाच दिवस.
एकदा मीच चढून बघितलं,
खिडकीतून आकडा दिसेना, म्हणून पोराला आत बसवलं.
"पन्नास," तो ओरडला.
दवाखान्यात चोपन्न आहे मी.

काल भंगारवाला आला, हुक्केरीचा, नवा माणूस.
गाडी भरून ब्रेकड्रम.
एकही चाकाला न लागलेला,
चिन्हं अजून धारदार, ग्रीसचा वास तसाच.
रिकामी, भरलेली, वजाबाकी:
अठरा टन, दोनशे चाळीस.
पावतीत मालाच्या रकान्यात मी सवयीनं जुनंच लिहिलं.
त्यानं ते खोडायला लावलं.
खोडलेली पावती जीएसटीला चालत नाही,
म्हणून दुसरी फाडली.
पहिली ड्रॉवरमध्ये आहे.
कागदच तो,
त्याचं वजन कोण करतंय.